मागच्या गल्लीचा रस्ता

हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मंदाला तर — जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

वाडीच्या पुढे आमचं लेआउट आहे, प्लॉट पाडून वसलेली वस्ती. दोन गल्ल्या — समोरची आमची, मागची मंदाची. सगळी काळी माती. पावसाळ्यात पाय वर यायचा, चप्पल खालीच राहायची. मंदाच्या नवऱ्याला, प्रभाकरभाऊंना, लकवा मारला होता. उन्हाळ्यात ती त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून चौकातल्या पानठेल्यापर्यंत न्यायची. पाऊस लागला की खुर्ची फाटकाच्या आत. ती थेट दिवाळीपर्यंत.

रस्त्यासाठी घरोघर फिरून सह्या तिनेच गोळा केल्या, झोन ऑफिसच्या चकरा तिनेच मारल्या. मी शाळेतली बाई, मला नीट बोलता येतं, म्हणून ती मला सोबत न्यायची. पायपीट तिची, तोंड माझं.

मग एक दिवस नगरसेविका इंजिनिअरला घेऊन पाहणीला आल्या. मंदा चहा आणायला घरी गेली होती. मॅडम मला म्हणाल्या, यंदाच्या निधीत एकच गल्ली बसते. मागची आधी घ्यावी म्हणते, तिथे पेशंट आहे ना? तुम्हाला काय वाटतं?

काय वाटलं मला? खरं सांगू? मला आमची नवी गाडी आठवली. चिखलामुळे ती चौकात, कोणाच्या तरी दुकानासमोर उभी असायची. नवरा रोज पँट दुमडून तिच्यापर्यंत जायचा आणि कुरकुरायचा. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

मी म्हणाले, “मागच्या गल्लीत गडर लाइन टाकायची बाकी आहे. आता रस्ता केला तर पुन्हा फोडावा लागेल.”

सांडपाण्याची ती गडर लाइन केव्हाच टाकून झाली होती. खोदकाम चाललं तेव्हा मंदाच्याच दारात उभी राहून मी ते पाहिलं होतं. इंजिनिअरने मान हलवली. शाळेतल्या बाईचं बोलणं कोण तपासतं? मंदा चहा घेऊन आली तोवर ठरूनही गेलं होतं.

रस्ता आमच्या दारातून गेला. मंदाने विचारलं, “ताई, आमची गल्ली काहून सुटली?” मी म्हणाले, वरूनच तसं ठरलं. तिने मानलं. उलट मलाच म्हणाली, एक तरी झाला ना, पुढच्या साली आमचा होईल.

पुढचं साल तसंच गेलं. मग निवडणुका लांबल्या, नगरसेवकच उरले नाहीत — विचारायचं कोणाला? तरी मी तिच्यासोबत ऑफिसात जायची. पोटतिडकीने बोलायची. बोलून बाहेर आलं की हलकं वाटायचं, जणू काही फेड होत होती. कसली फेड?

प्रभाकरभाऊ फाटकाच्या आत बसलेले असत. मी दिसले की विचारायचे, “मॅडम, चौकात कोण कोण येऊन राहिलं सध्या?” मी नावं सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे. अशाच एका पावसाळ्यात ते गेले.

यंदा मागच्या गल्लीचा रस्ता मंजूर झाला. भूमिपूजनाला मंदाने मला हाताला धरून पुढे आणलं. “नारळ ताईच फोडतील,” ती सगळ्यांना म्हणाली. “पहिल्यापासून ह्याच झटून राहिल्या आमच्यासाठी.”

तेव्हा तरी बोलायचं होतं. लोक होते, मंदा समोर होती, शब्द अगदी ओठांशी आले होते —

मी नारळ घेतला आणि फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले. पहिला तुकडा मंदाच्या हातावर ठेवला.