रेफरीवर ओरडण्याचा हक्क

श्री. वसंतराव महाजन सरांची आणि माझी पहिली भेट बुऱ्हाणपूरच्या फुटबॉल मैदानावर, चक्क मंचावर झाली. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. पोलिओमुळे मी तीनचाकी सायकलवर फिरतो. त्या काळी आमच्याकडे अपंग प्रेक्षक दिसला की चार जण त्याला सायकलीसकट उचलून प्रमुख पाहुण्यांशेजारी नेऊन ठेवत, वर हारही घालत. माया खरी होती, पण माझी मोठी पंचाईत होई. समोर माझे सिंधीपुरा मोहल्ल्याचे मित्र आमच्या संघासाठी घसा फोडून ओरडत असायचे आणि मी गळ्यात झेंडू घालून टाळ्या वाजवायचो. पाहुण्यांच्या शेजारी बसून रेफरीला बोल कसे लावायचे?

रेफरी स्वतः महाजन सरच असत. मध्यंतरात पाणी प्यायला आले, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "काय मास्तर, सासरी आल्यासारखे बसलात?" मी मनातलं सांगून टाकलं. सर खो खो हसले.

पुढच्याच रविवारी ते मुलांना घेऊन प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर मुरूम टाकत होते. जैनाबादच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची बैलगाडी त्यांनी गोड बोलून आणली होती. संध्याकाळपर्यंत सायकल चढेल असा उतार तयार झाला.

आमच्या शाळेत अंध-अपंग मुलं नेहमीच्या वर्गांत बसू लागली, ती हीच वर्षं. वर्गातल्या सर्वांत बडबड्या मुलाला सर 'शिक्षा' म्हणून सामन्यात अंध मुलाशेजारी बसवत. दिसेल ते सगळं त्याने बोलायचं. देडतलाईच्या एका अंध विद्यार्थिनीने तक्रार केली, "सर, हा सिंधीपुऱ्याचाच गोल जोरात सांगतो!" सरांनी लगेच तिच्या दुसऱ्या बाजूला विरुद्ध संघाचा, जैनाबादचा बडबड्या बसवला.

अंतिम सामन्याला मात्र संयोजकांनी आडवे बांबू बांधून उतार बंद केला आणि मला पुन्हा मंचाकडे उचलून नेऊ लागले. मैदानात उभ्या असलेल्या सरांनी शिट्टी खिशात घातली आणि तडक तिथे आले.

"भाऊ, हा मेहमान थोडी आहे? पब्लिक आहे. पब्लिकमध्ये बसू द्या. तोवर मॅच चालू नाही व्हायची!"

पाहुणे घड्याळ बघू लागले, तेव्हा कुठे बांबू सुटले.

मी मित्रांमध्ये जाऊन बसलो. थोड्याच वेळात सिंधीपुऱ्याने गोल मारला आणि सरांनी तो ऑफसाइड ठरवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ सर, चष्मा घरी विसरले काय?"

सगळी पब्लिक हसली. माझा जीव मात्र अर्धा झाला. सरांनी वळून पाहिलं आणि इतके खूश झाले की विचारू नका! गोल काही दिला नाही.

आता सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, म्हणून काठी टेकत तेही त्याच उताराने वर येतात. सत्कार याच मैदानावर आहे आणि समितीला मी बजावलं आहे: हार जरूर घाला, पण त्यांना मंचावर डांबू नका. उताराच्या वरच्या टोकाला माझ्या सायकलीशेजारी त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तो गोल ऑफसाइड नव्हता, हे त्यांना पटवायला मला अजून पुष्कळ वर्षं लागणार आहेत.