पहिली पाळी मी नितीनला दिली

मंडळी, आज वोल्फ्सबुर्गमध्ये आमच्या मराठी फुटबॉल लीगसाठी खेळाडूंची निवड झाली. दर मोसमाला सगळे खेळाडू नव्याने वाटले जातात, कप्तान आळीपाळीने एकेक निवडतात. पहिली पाळी माझ्या संघाची होती. आमच्याच गटातल्या संघाचा कप्तान नितीन याने ती मागितली. बदल्यात त्याच्या पुढच्या दोन पाळ्या मिळत होत्या, म्हणून मी दिली.

त्याने समीरला घेतलं. समीर तीन वर्षं आमचा गोलकीपर होता. गोलकीपरला पहिल्याच पाळीत कोण घेतं, असं मी धरून चाललो होतो.

"सोडलंस ना मला?" निघताना समीर शांतपणे म्हणाला. "या मोसमात दोनदा भेटू. पेनल्टी अजून डावीकडेच मारतोस ना?"

आमच्या पेनल्टी मीच मारतो. सरावात त्याच्यासमोर शेकडो मारल्यात.

गटातल्या संघाशी असा सौदा करावा का, हे विचारायला आता उशीर झालाय. नितीनच्या संघाशी पहिला सामना रविवारी आहे. उजवीकडे मारू का?

उत्तर इथे लिहू नका. समीरही या ग्रुपमध्ये आहे.