दोऱ्याचे त्रिकोण

शाळेत सगळे तिला मावशी म्हणत, आणि मावशीला राग यायला कारण लागत नाही असं तिच्या पाठीमागं बोलत. तिचा नवरा गाड्या रंगवायचा. हिच्या डोक्यावर तवा ठेवला तर गॅस वाचेल, हा त्याचा आवडता विनोद. पण कारण असायचं. नेहमीच असायचं.

आधी ती बॅगांच्या कारखान्यात होती. तेरा वर्षं कातडं आणि कॅनव्हास शिवून तिच्या उजव्या तर्जनीला घट्टा पडला होता. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं विकायला काढलेलं जड मशीन तिनंच घेतलं आणि ती अंध मुलांच्या शाळेत शिवणकामाला लागली. चादरी, गणवेश, पडदे. आंधळ्यांच्या शाळेला पडदे कशाला, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मुलं पोट धरून हसली, मुख्याध्यापक हसले नाहीत.

शिवणाची खोली नववीच्या वर्गाला लागून होती. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन. मशीन थांबलं की पलीकडचं गणित ऐकू यायचं. एके दिवशी सरांनी पुस्तकातला एक प्रश्न अर्धाच वाचला आणि ते पुढच्यावर गेले. एका मुलीनं हटकलं, त्या प्रश्नात काय होतं? ही मुलगी कशावरही वाद घालायची, म्हणून तिला सगळे वकील म्हणत. सर म्हणाले, आकृतीतले त्रिकोण मोजायचे होते, चित्र आहे, आपल्या कामाचं नाही. परीक्षेतही तो प्रश्न आपण सोडायचा, त्याचे सरासरी मार्क सगळ्यांना मिळतात.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर मनाचे चांगले होते, सुट्टीच्या दिवशीही शिकवायला यायचे, आणि त्यामुळेच तिला जास्त चीड आली. मधल्या सुट्टीत तिनं त्यांना जिन्यात गाठलं. आपल्या कामाचं नाही तर कुणाच्या कामाचं, असं विचारून तिनं ती आकृती कागदावर काढून घेतली: एक मोठा त्रिकोण, आतल्या रेघांनी त्याचे सोळा छोटे त्रिकोण झालेले.

घरी तिनं चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर जाड दोऱ्यानं रेघा शिवल्या. सकाळी तो वकीलच्या हातात दिला. वकीलनं बोटं फिरवली आणि ती म्हणाली, "मावशी, हा गुंता आहे."

खरंच होता. रेघा एकमेकींना खेटून होत्या आणि जिथं छेदत तिथं दोऱ्याच्या गाठीच हाताला लागत. मावशीनं तो पुठ्ठा रागारागानं दुमडून टाकला. पुढचे दोन महिने ती पुठ्ठे नासवत राहिली. आकृती तळहातापेक्षा मोठी हवी, दोन रेघांत बोटभर जागा हवी, बाहेरची रेघ जाड आणि आतली बारीक हवी, हे एकेक करून कळत गेलं. रंगवताना गाडीच्या काचेवर चिकटपट्टी लावावी तसा नवरा पुठ्ठ्यावर नेमक्या रेघा आखून द्यायचा आणि बोलणीही खायचा.

अकराव्या पुठ्ठ्यावर गणित सुरू झालं. मुलं डाव्या हाताचं बोट एका कोपऱ्यावर रोवायची आणि उजव्या हातानं रेघेवरून फिरून परत तिथंच यायची. आधी लहान त्रिकोण, मग त्याहून मोठे, मग आणखी मोठे. एकदा मोजलेला पुन्हा मोजायचा नाही, एकही सोडायचा नाही. कुणी सोळावर थांबलं, कुणी वीसवर. सरांनी सव्वीस सांगितले. वकील म्हणाली सत्तावीस.

सरांनी पुन्हा मोजले. सव्वीसच. वकीलनं पुठ्ठा त्यांच्यापुढं धरला, उलटा फिरवला आणि मधोमध चार छोट्या त्रिकोणांचा मिळून झालेला एक त्रिकोण बोटानं दाखवला. पुठ्ठा सरळ धरला की तो टोकावर उभा असायचा. सरांची नजर पायावर बसलेले मोठे त्रिकोण शोधत होती. वकीलच्या बोटांना वर-खाली असं काही नव्हतंच, ती पुठ्ठा हवा तसा फिरवत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीकडं स्वतःहून सहा नव्या आकृत्या आणून दिल्या.

वर्षभरानं वकीलची दहावीची परीक्षा आली. तोवर मावशी आणि सर परीक्षेच्या कार्यालयात एकदा जाऊन आले होते. अधिकारी सभ्य होता, त्यानं चहा मागवला. आकृतीचा प्रश्न मुलांना पुठ्ठ्यावर द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानं हसत विचारलं, "अहो, फुकट मार्क मिळतायत, मग तक्रार कसली?" पंधरा दिवसांनी उत्तराचं पत्र आलं: विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार करून सध्याची सवलत चालू ठेवण्यात येत आहे. हित हा शब्द मावशीनं दोनदा मोठ्यानं वाचला आणि पत्र टेबलावर आपटलं.

परीक्षेत वकीलच्या लेखनिक मुलीनं नेहमीप्रमाणं सांगितलं, हा प्रश्न सोडायचाय. वकील म्हणाली, तो वाच आणि आकृती कशी आहे ते सांग. एका ओळीत आडवे चार चौकोन, एकाखाली एक अशा एकूण तीन ओळी, सगळे मिळून चौरस किती. तिनं टेबलावर बोटानं रेघा ओढल्या आणि लिहायला सांगितलं: लहान बारा, त्याहून मोठे सहा, सगळ्यात मोठे दोन, एकूण वीस.

निकालानंतर शाळेनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. त्या उत्तरावर तिरपी रेघ मारलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं, सरासरी तीन. प्रश्न पाच मार्कांचा होता. वकीलला ते वाचून दाखवलं तेव्हा ती वाद घालेल असं सगळ्यांना वाटलं. ती उठून वसतिगृहातल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मावशी त्याच दुपारी कार्यालयात गेली, एकटी. झेरॉक्स आणि प्रश्नपत्रिका अधिकाऱ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "हे उत्तर बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा."

त्यानं पेनाच्या टोकानं मोजलं. बरोबर होतं.

"मग ही रेघ कशाला?"

न सोडवायचा प्रश्न सोडवला म्हणून, तो म्हणाला. नियम आहे.

"फुकट मार्क तुम्ही आंधळ्यांना देत नाही," मावशी म्हणाली. "तुमची पुठ्ठे करायची मेहनत वाचते, ते मार्क तुम्ही स्वतःला देता." शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. चहा आला, तिनं पेला परत पाठवला.

पुढचं काम सरांनी केलं. त्यांनी ती झेरॉक्स अंध मुलांच्या प्रत्येक शाळेला पाठवली. अकरा शाळांनी अर्ज केले. सहा महिने कार्यालयानं कुणाचीच दाद घेतली नाही आणि मग एकदम पत्र आलं. कार्यालयानं विकसित केलेल्या स्पर्श-आकृत्या या वर्षापासून देण्यात येतील, त्यासाठी शाळेनं आठ दिवसांत चाळीस पुठ्ठे शिवून द्यावेत.

"विकसित केलेल्या," मावशी म्हणाली आणि पुढं जे बोलली ते मुख्याध्यापकांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तिनं उलट निरोप धाडला: आधी प्रश्नपत्रिकेतली 'अंध विद्यार्थ्यांनी सोडवू नये' ही ओळ काढल्याचं लेखी द्या आणि प्रत्येक पुठ्ठा माझी वकील तपासेल. दोन्ही मान्य झालं. मात्र प्रश्न फुटू नये म्हणून काम कार्यालयातच बसून करावं लागणार होतं.

मग तिनं मशीन टेम्पोत घातलं. चार माणसांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं. सलग पाच दिवस ते जड मशीन तिथं धडधडत होतं, टेबलांवरचे पेले हलत होते आणि फोनवर कुणाला काही ऐकू येत नव्हतं. अधिकाऱ्यानं जरा हळू चालवाल का असं विचारलं. ती म्हणाली, याला एकच वेग आहे. शेजारी वकील बसली होती. शिवलेला पुठ्ठा ती फिरवून फिरवून तपासायची. सात पुठ्ठे तिनं नापास केले, तेव्हा मावशी तिच्यावरही चिडली आणि तिनं ते सातही पुन्हा शिवले.

त्या वर्षी मुलांनी त्रिकोण मोजले. कुणाचे चुकले, कुणाचे बरोबर आले, आणि त्यांना त्यांचेच मार्क मिळाले. आलेखाच्या प्रश्नापुढं मात्र 'सोडवू नये' अजून छापलेलं होतं. ते सरांनी वाचून दाखवलं तेव्हा मावशी चादरीला टीप घालत होती. तिनं दोरा दातानं तोडला, चादर बाजूला फेकली आणि विचारलं, आलेख म्हणजे नक्की काय असतं ते आधी नीट काढून दाखवा.