चाळीस मिनिटं बंद असलेलं पोर्ट

रविवारची दुपार. जेवून जरा आडवी होते. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. दुसरी येतच नाही, तिच्या जागी सर्व्हर रूमच्या एसीची घरघर सुरू होते. स्टुलावर खैरनार सर बसलेत. त्यांना जाऊन सव्वा महिना झालाय हे मला माहीत आहे, तरी मी नेहमीसारखी चप्पल दाराबाहेर काढते.

सर आमच्या रुग्णवाहिका केंद्राचे नेटवर्क प्रमुख होते. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनीच मला शिकवलं होतं, की नुसता सर्व्हर चालू असून भागत नाही. लोकांचे कॉल ज्या पोर्टमधून आत येतात ते उघडं आहे का, हे दर मिनिटाला तपासलं गेलं पाहिजे. बंद दिसलं की अलार्म वाजलाच पाहिजे.

"बघितलंस का?" सर विचारतात.

बघते म्हणत मी वळते, तर समोर त्यांच्या घराची गच्ची आहे. वाळत घातलेल्या कुरडयांमधून वाट काढत आम्ही चालतो. बोलतो ते त्यांच्या गुडघ्याचं, उन्हाचं. माझ्या मनात मात्र तो मंगळवार आहे.

अलार्म उगाचच वाजत राहतो म्हणून मी तो बंद केला होता आणि परत लावायला विसरले. त्याच दुपारी पोर्ट चाळीस मिनिटं बंद राहिलं. स्क्रीनवर सर्व्हर तेवढा हिरवा, म्हणजे चालू दिसत होता. एका बाईचा नवरा फोन लावत राहिला, शेवटी रिक्षातच बाळंतपण झालं. बाई वाचली, बाळ नाही.

चौकशीत सरांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. निवृत्तीला तीन महिने असताना निलंबित झाले. मी त्याच खोलीत बसले होते, तोंड उघडलं नाही. अलार्म कोणी बंद केला हे त्यांना कळलंच नाही, असं स्वतःला सांगत राहिले.

गच्ची संपते तिथे तीच चौकशीची खोली आहे. टेबलापलीकडे आज सर एकटेच.

"सर, अलार्म मी बंद केला होता."

"माहीत आहे. नोंदीत तुझं नाव होतं, हर्षदा. पहिल्याच दिवशी बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

सर चष्मा पुसतात. "तू येशील असं वाटायचं. संध्याकाळी ही चहा टाकायला लागली, की म्हणायचो, कपभर जास्त टाक."

मी त्यांच्या हातापर्यंत पोचायला बघते. टेबल लांबतच जातं.

जाग येते तेव्हा साडेतीन झालेत. मोबाईल माझ्या मुठीत आहे. स्क्रीनवर सरांचा नंबर, आणि झोपेत माझ्याच बोटांनी लिहून पाठवलेली ओळ: सर अलार्म मी बंद केला होता.

सरांचा फोन हल्ली त्यांच्या पत्नी, उषाकाकू वापरतात.

ओळीखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.