दरवाजाचा दुसरा खटका

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. दोन दरवाजांच्या त्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं प्रकरण मात्र वेगळं उरलं, कारण त्यात जो अपराध घडला तो माझ्या हातून.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भागातल्या एका पुढाऱ्याने हौसेने ही गाडी पुण्याहून आणली होती. दसऱ्याच्या दिवशी तो स्वतः चालवत असताना वळणावर शेजारचा दरवाजा उघडला आणि त्याचा मेहुणा रस्त्यावर पडला. खुब्याचं हाड मोडलं. दोनच दिवसांपूर्वी कडा गावच्या एका मिस्त्रीने तो दरवाजा दुरुस्त केला होता. त्याने मुद्दाम खटका ढिला ठेवला, असा अर्ज पुढाऱ्याने दिला. त्याच दुपारी आमच्या खबऱ्याने सांगितलं, "मिस्त्री हाटेलात म्हनला होता, ही गाडी एक दिवस मानूस पाडनार."

मला तेवढं पुरलं. मिस्त्रीला भर बाजारातून जीपमध्ये घालून आणलं. 'नुसतं विचारायचंय' म्हणून आणलेल्या माणसाची स्टेशन डायरीत नोंद करायची नाही, ही माझी जुनी वाईट खोड. तेव्हाही केली नाही.

"पाडणार म्हणालास की नाही बे?"

"म्हनलो साहेब. पन दुरुस्तीच्या आधी म्हनलो. बिजागरीचे बुश झिजून दरवाजा लोंबत होता, खटक्याचे दात गुळगुळीत झालते. म्हनून तर सगळं नवं बसवलं. मी कावून पाडू कुनाला?"

मी त्याच्या कानाखाली मारली. पन्नाशी उलटलेला, उसाचे ट्रक दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. गाल चोळत तो एवढंच म्हणाला, "दरवाजा लावताना दोनदा वाजला होता का, तेवढं विचारा त्यांना."

त्याला मी रात्रभर तसंच बसवून ठेवलं, पण त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. खोटं बोलणारा बहुधा स्वतःबद्दल बोलत राहतो. हा दरवाजाबद्दल बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आवारात उभ्या असलेल्या गाडीपाशी नेलं. त्याने दरवाजा लावला. टक.

"ऐकलं? एकदाच. खटक्याला दोन दात असत्यात. पहिल्यावर अडकला की दरवाजा लागल्यागत दिसतो, पन वळनावर अंगाचा भार आला की सुटतो. दुसरा दात धराय पायजे."

"मग तूच नीट बसवला नसशील."

"साहेब, खुंटीखाली वायसर घालून घालून लेवल केली. दरवाजात कागद धरून ओढून बघितला, चारी बाजूंनी सारखा दाब होता."

ज्या लोखंडी खुंटीला तो खटका पकडतो, ती चौकटीवर असते. मिस्त्री वाकला आणि त्याने तिकडे बोट दाखवलं. मीही वाकलो. खुंटीला लाल-पिवळ्या नाड्याचे सात-आठ घट्ट वेढे होते, वर हळद-कुंकू. मी हात घालणार, तोच तो ओरडला, "थांबा! आधी पंच बोलवा. न्हाईतर उद्या म्हनाल, मिस्त्रीनंच गुंडाळला."

पंचनामा कसा करायचा हे मला त्याने शिकवलं! समोरचा चहावाला आणि एक दुकानदार पंच म्हणून आले. नाडा कापला. मिस्त्रीने पान्याला हातही न लावता दरवाजा लावला. टक, टक.

पुढाऱ्याने लगेच कबूल केलं. "खंडेनवमीची पूजा मीच केली. दरसाल नाडा स्टेअरिंगला बांधतो. औंदा त्याला नवं कातडी कव्हर घातलंय, हळदीनं खराब झालं असतं. म्हनलं नवा पार्ट बसलाय, त्यालाच बांधू." मग हसून म्हणाला, "घ्या मिटवून साहेब, घरातलंच हाय." अर्ज मागे घेतला गेला.

मिस्त्री दाराशी थांबला होता. "पंचनाम्याची नक्कल द्या साहेब. माज्याकडं ट्रकवाले ब्रेकचं काम टाकत्यात, त्याला भरवसा लागतो. मला जीपमधी बसवताना सगळ्यांनी बघितलंय."

मी दिली नाही. नक्कल बाहेर गेली असती, तर हा माणूस ठाण्यात कधी आला, कोणत्या नोंदीने, हे कोणी तरी विचारलं असतं. "बघू नंतर," म्हणालो. त्याची गिऱ्हाइकं वर्षभरात तुटली, गॅरेज बंद पडलं.

दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याला शोधत शिरूर कासारला गेलो. तिथे तो जावयाच्या दुकानात पंक्चर काढत होता. मी माफी मागितली. तो ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला, "हितं कशाला? कड्यात म्हना. तुमी नेलं तितून होतं."

बाजाराच्या दिवशी कड्याला गेलो. हॉटेलात पाच-सहा ट्रकवाले बसले होते. सगळं सांगितलं, मिस्त्रीचं काम चोख होतं, हेही. नोकरीभर मी माणसांना बोलतं करायला शिकलो. ती बोलू लागल्यावर गप्प बसणं या प्रकरणाने शिकवलं, तेही फार उशिरा.

एक म्हातारा ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. "त्यो तर पहिल्याच दिवशी खरं बोलला म्हना की. मग तुमी मारलं कावून?"

"ऐकून घेतलं नाही," मी म्हणालो.