माझ्याच टेबलावर परत आलेला अर्ज

नोकरीत मी एक अहवाल खोटा लिहिला. बायकोला माहीत नाही, ऑफिसात कुणाला माहीत नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांना तर नाहीच. सात वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगतोय.

सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका तालुक्याच्या कचेरीत माझ्याकडे तेव्हा जातीच्या दाखल्यांचं टेबल होतं. सकाळी सोलापुरातल्या भवानी पेठेतून निघायचं, एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. मेंढरं राखणाऱ्या घरांचे अर्ज आमच्याकडे पुष्कळ यायचे. ही मंडळी राज्याच्या यादीत भटक्या जमातीत मोडतात आणि केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात. माणूस तोच, जात तीच; मुंबईचं सरकार एका रकान्यात घालतं, दिल्लीचं दुसऱ्या. म्हणून राज्याच्या नोकरीला एक दाखला लागतो आणि केंद्राच्या नोकरीला दुसरा, वेगळ्या नमुन्यातला. अर्जदाराला हे ठाऊक नसलं तर त्याचा दोष नाही. टेबलावरच्या माणसाला ठाऊक असायलाच पाहिजे. मला होतं.

एप्रिलमध्ये एक बाप आणि त्याची मुलगी आली. बापाच्या डोक्याला पटका, पायात जाड वहाणा. मुलगी नर्सिंग शिकलेली.

"साहेब, दिल्ली सरकारच्या दवाखान्याची परीक्षा पास झाली पोरगी. आता कागदं दाखवायला हैदराबादला बोलावलंय."

"मग पेढे कुठं आहेत?" मी म्हणालो.

"नोकरी लागू द्या की. पेढं काय घिऊन बसलाव, बोकड कापतो!"

"आप्पा, गप की," मुलगी म्हणाली आणि अर्ज पुढे केला. अर्ज नीट भरलेला होता. 'केंद्र शासनाच्या सेवेसाठी' या चौकटीत निळ्या पेनानं ठळक खूण होती. ती मी पाहिली. पाहिली नाही, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला समजावलं, पण पाहिली होती.

केंद्राच्या नमुन्यात ती जात कुठल्या ठरावानं यादीत आली, त्याचा क्रमांक घालावा लागतो. तो कॉम्प्युटरवर शोधायचा. मला ते धड जमत नसे. शेजारच्या टेबलावरच्या नव्या क्लार्कबाईंना विचारलं असतं तर दोन मिनिटांत निघाला असता. पण सकाळीच आमची पंख्यावरून जुंपली होती. पंखा एकच, त्यांना तो त्यांच्याकडे हवा होता, मला माझ्याकडे. वर साहेबांनी विधानसभेच्या प्रश्नाची माहिती मागितलेली. मी राज्याच्या नमुन्यात दाखला तयार केला आणि वर सहीला पाठवून दिला.

आठवड्यानं दाखला घ्यायला दोघं आली. मुलीनं तो उभ्या उभ्याच वाचला.

"सर, यावर भटक्या जमाती लिहिलंय. मला केंद्राचा पाहिजे होता."

"प्रांतसाहेबांची सही आहे ना? सगळीकडे चालतो."

"नक्की, सर?"

"माझी वीस वर्षं यात गेलीत, ताई."

बापानं तिला हळूच विचारलं, "एन अंतार?" काय म्हणतात?

"नडीतदंत," ती म्हणाली. चालतो म्हणतात. एवढं कन्नड मलाही कळतं.

हैदराबादला तो चालला नाही. केंद्राच्या नमुन्यात नाही म्हणून तिला खुल्या गटात धरलं, आणि खुल्या गटाला तिचे गुण कमी पडत होते. दोघं परत आली. मुलीनं तोच दाखला माझ्यापुढं ठेवला. मी लगेच तोंड उघडलं. "केंद्राचे नियमच असे असतात. आम्ही राज्याची माणसं, आमचं तिथं काय चालणार?"

बापाला ते एकदम पटलं. "बघ, मी म्हनलो न्हवं? दिल्लीवाल्यांना आपलं काय पडलंय! साहेब, तुमी एक अर्ज लिवून द्या. तुमचा हात चांगला चालतोय."

मी लिहून दिला. राज्य शासनाचं वैध प्रमाणपत्र असतानाही केंद्राच्या मंडळानं अन्याय केला वगैरे वगैरे. झकास लिहिला. पुढच्या आठवड्यात बाप पुन्हा आला, काखेत घोंगडी. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. "न्हाय म्हनू नका, साहेब. दुसऱ्या कुनी एवढं केलं नसतं." मी नको नको म्हणत ती घेतली.

अर्ज दिल्लीला पोचला. दिल्लीनं तो मुंबईला पाठवला, कारण दाखला देणं हा राज्याचा विषय. मुंबईनं जिल्ह्याला, जिल्ह्यानं प्रांताला, प्रांतानं आमच्या कचेरीला. प्रत्येकानं वर आपापलं एक पत्र लावलेलं. तीन-साडेतीन महिन्यांनी एका दुपारी शिपायानं माझ्यासमोर टपाल टाकलं. वरची चार पत्रं उलटली, आणि खाली माझंच अक्षर.

त्या चार पत्रांत दिल्लीचं पत्र सगळ्यात सरळ होतं. निवड यादी अजून अंतिम झालेली नाही. दाखला देताना कार्यालयाकडून चूक झाली असल्यास तसं कळवावं आणि योग्य नमुन्यातला दाखला पाठवावा, म्हणजे उमेदवाराचा विचार करता येईल. ज्या दिल्लीला मी शिव्या घातल्या होत्या, तिनं दार उघडं ठेवलं होतं. मला एक वाक्य लिहायचं होतं आणि एक दाखला करून द्यायचा होता.

चूक कबूल केली असती तर नोटीस निघाली असती. पगारवाढ थांबली असती. कदाचित एवढंच. मी कपाटातून तिचा मूळ अर्ज काढला, निळी खूण पुन्हा पाहिली, अर्ज परत ठेवला आणि लिहिलं: 'अर्जदाराने केलेल्या मागणीनुसार राज्याच्या नमुन्यात दाखला देण्यात आला आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात यावी.' साहेबांनी माझ्यावर भरवसा ठेवून न वाचता सही केली. ज्या वाटेनं कागद आला होता त्याच वाटेनं एकेक पायरी वर गेला. कुणीच मूळ अर्ज मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा हायसं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एसटी स्टँडवर मागून हाक आली.

"साहेब, वळखलं का?"

पटका तोच. माणूस वाळला होता. मी पोरीचं विचारलं.

"चिंचोळीत एका कंपनीत हाय. कामगारांना लागलं-खुपलं की पट्टी बांधती. सरकारी न्हाय झालं मग. वय निघून गेलं की." आणि माझा हात धरून म्हणाला, "तुमी लई धडपडलाव बघा. दिल्लीवाल्यांनीच घोळ केला. मागनीपरमानं दाखला दिला म्हून कागद आला, तवापास्नं ती म्हनती, आप्पा, माझाच अर्ज चुकला असंल. मी म्हनतो, न्हाय गं, साहेब सोता म्हनले, दिल्लीचाच नियम तसला."

माझी गाडी लागली होती. मी गाडीत बसलो.

घोंगडी अजून घरात आहे. थंडीत बायको माझ्या अंगावर टाकते, मी काढून ठेवतो. टोचते म्हणून सांगतो.

तिची सात वर्षं मला परत देता येणार नाहीत, आणि ती नोकरीही नाही. पण आपला अर्ज चुकला असेल, असं ती अजून धरून बसली आहे. तिचा अर्ज बरोबर होता, चूक माझी होती आणि अहवालही मीच खोटा लिहिला, हे माझ्या सहीनं लिहून तिच्या हातात देणं मी लागतो. त्याची एक प्रत कचेरीलाही देणं लागतो. दोन्हीपैकी काहीच अजून दिलेलं नाही.