भित्री सुमनआत्या

सुमनआत्याइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. फोन वाजला की ती दचकायची. दारावर अनोळखी माणूस आला की आतूनच ओरडायची, "घरात कुणी नाही!" कुणाच्या मयतीला तर ती कधीच गेली नाही. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण अंबरपेठेत दोन खोल्यांत एकटी राहायची. आम्ही टिंगल केली की म्हणायची, "हसा! भ्यालेला माणूस दोनदा बघून रस्ता ओलांडतो."

माझ्या नवऱ्याची, समीरची नोकरी गेली तेव्हा मला पाचवा महिना होता. कंपनीच्या मेलमधला 'टर्मिनेट' हा शब्द मी आत्याला वाचून दाखवला, तर ती मटकन खालीच बसली.

"म्हणजे परत घेणारच नाहीत?"

"नाही गं."

"हौ? असू दे, परेशान नक्को होऊ," ती म्हणाली आणि स्वतःच उठून दाराची कडी दोनदा तपासून आली.

पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या मेंदूची वाढच झाली नव्हती. जन्मलं तरी जगणार नव्हतं. "टर्मिनेट करावं लागेल," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. पुन्हा तोच शब्द. पहिल्यांदा ऐकून राग आला होता, आता तोंडाला कोरड पडली. पोटात बाळ हलत होतं आणि पोटावर हात ठेवायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

दवाखान्यात जो तो म्हणे, घाबरू नकोस. आत्या आली ती पांढरीफटक पडूनच. माझ्या पलंगाची कड धरून म्हणाली, "मला फार भीती वाटतेय गं. तूही भी. दोघी मिळून भिऊ."

तेव्हा कुठे मला रडू आलं. "आत्या, मी संपवतेय का गं त्याला?"

"नोकरी संपवतात. लेकराला निरोप देतात," ती म्हणाली.

सगळं उरकल्यावर नर्सनं विचारलं, बघायचंय का? मी डोळे मिटून घेतले. समीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत्या उठली आणि पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. "लांब बोटं आहेत त्याची," एवढंच म्हणाली. "तुझ्यासारखी."

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी विचारलं, "त्या दिवशी पडद्यामागे कशी गेलीस गं तू?"

"लटपटतच गेले. पण आपलं कुणी बघायला नको? परक्यांच्याच हातून कसं जाऊ द्यायचं त्याला?" मग तिनं माझं मनगट धरलं. "माझ्या वेळी तू राहशील ना समोर?"

तिचा श्वास अडखळायला लागला तेव्हा खोलीबाहेर पळून जावंसं वाटलं मला. पण राहिले. शेवटपर्यंत तिच्या डोळ्यांत बघत, भीत भीत राहिले.